वंश : एका शब्दावर लादलेले माप

(अकादमीच्या वार्षिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



मराठी साहित्य शिकवणाऱ्या बाईने वंशविज्ञानावर कशाला बोलावे, असे निमंत्रण पत्रिका पाहून दोघातिघांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की माणसांचे ‘वंश’ पाडण्याचा उद्योग कवट्यांच्या कपाटात जितका चालला, तितकाच तो शब्दकोशात आणि व्याकरणाच्या पुस्तकांत चालला. भारतापुरते बोलायचे तर त्याची सुरुवात भाषाभ्यासकांच्या घरातूनच झाली. तेव्हा त्याचा हिशेब घेण्याचा थोडा अधिकार आणि थोडी जबाबदारी आपल्याकडे येते.

आधी शब्दच घेऊ. संस्कृतात ‘वंश’ म्हणजे बांबू, वेळू. पेरामागून पेर येते तशी पिढीमागून पिढी येते, म्हणून घराण्याच्या परंपरेलाही वंश म्हणू लागले. रघुवंश, हरिवंश ही नावे त्या अर्थाची. श्रीलंकेतला पाली ग्रंथ ‘दीपवंस’ तर एका बेटाचा वंश सांगतो. तिथे रक्ताचा प्रश्नच नाही, घडलेल्या गोष्टींच्या परंपरेचा आहे. आपल्या बोलण्यातले वंशावळ, निर्वंश, वंशाचा दिवा हे शब्द पाहा. (या शेवटच्या शब्दाने किती मुलींचे आयुष्य अंधारात घातले हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.) या सगळ्या ठिकाणी वंश हा एका कुळाचा असतो, आठवणीत किंवा वहीत नोंदलेला असतो. कोकणातला माणूस, पंजाबातला माणूस आणि इराणातला माणूस एका वंशाचे, असे वाक्य जुन्या मराठीत कुणाला सुचले नसते. ते सुचण्यासाठी या शब्दावर दुसरीकडून एक अर्थ आणून बसवावा लागला. तो असा बसला की आज आपण एका अख्ख्या ज्ञानशाखेला ‘मानववंशशास्त्र’ म्हणतो आणि त्यात काही खटकत नाही.

दुसरा शब्द तर आपल्या किनाऱ्यावरूनच जगात गेला. पोर्तुगीज भाषेत ‘कास्ता’ म्हणजे जातकुळी, पैदास. इथल्या समाजाबद्दल लिहिताना त्यांनी तो वापरला आणि पुढे इंग्रजीतला ‘कास्ट’ त्यातूनच आला. 1563 साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ऑर्ताच्या औषधी वनस्पतींवरील ग्रंथातही तो या अर्थाने येतो. पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला ज्याचे नाव आहे तोच हा वैद्य. त्याची कथा इथे सांगायला हवी, कारण माप येण्याच्या आधी ‘रक्त’ कसे ठरवले जात होते हे तिच्यातून कळते.

ऑर्ताचे घराणे मूळचे ज्यू, सक्तीने ख्रिस्ती झालेले. अशांना पोर्तुगालमध्ये ‘नवख्रिस्ती’ म्हणत आणि पिढ्या उलटल्या तरी हा ‘नव’ काही जुना होत नसे. पद हवे, धर्मसंस्थेत प्रवेश हवा, तर आपल्या पूर्वजांत ज्यू किंवा मूर रक्त नाही हे दाखवावे लागे. याला ते रक्तशुद्धी म्हणत. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आले. ऑर्ता 1568 मध्ये वारला. त्याच्या पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जाळण्यात आले. 1580 मध्ये खुद्द ऑर्ताची हाडे थडग्यातून उकरून जाळली. जुना ख्रिस्ती आणि नवा ख्रिस्ती हा कायदेशीर भेद पोर्तुगालने रद्द केला तो 1773 मध्ये.

यात शरीराकडे कुणी पाहिले नव्हते, हे लक्षात घ्या. जुन्या आणि नव्या ख्रिस्त्याचे नाक, रंग, डोके यांत फरक असल्याचा दावाही नव्हता. फरक होता तो कागदात, शेजाऱ्याच्या साक्षीत, आजीच्या नावात. भेद आधी ठरला होता. त्याला शरीरात शोधण्याचे काम पुढच्या दोन शतकांनी केले आणि त्याला विज्ञान म्हटले.

ते विज्ञान कसे होते, याचा एकच नमुना पुरे. ‘कॉकेशियन’ हा शब्द आजही परदेशी अर्जांवर दिसतो. तो जर्मन शरीरशास्त्रज्ञ ब्लूमेनबाख याने 1795 मध्ये रूढ केला. त्याच्या संग्रहात कॉकेशस भागातली, जॉर्जियातल्या एका स्त्रीची कवटी होती. ती त्याला सर्वांत सुंदर वाटली, म्हणून तिच्या प्रदेशाचे नाव त्याने गोऱ्या माणसांच्या गटाला दिले. एका माणसाची सौंदर्यदृष्टी दोनशे वर्षे सरकारी रकान्यात बसून आहे. गंमत अशी की माणसांचे हे पाचही प्रकार एकमेकांत मिसळत जातात, त्यांच्यात स्पष्ट रेघ मारता येत नाही, हे ब्लूमेनबाखनेच लिहून ठेवले होते. ते वाक्य कुणाला नको होते, रकाने हवे होते.

1842 मध्ये स्वीडनच्या रेट्झियसने डोक्याचा निर्देशांक दिला : डोक्याची रुंदी भागिले लांबी, गुणिले शंभर. उत्तर पंचाहत्तरच्या खाली आले तर लांबट डोके, ऐंशीच्या वर गेले तर रुंद. मग युरोपभर कॅलिपर घेऊन माणसे फिरू लागली.

इकडे कलकत्त्यात 1786 मध्ये विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक, लॅटिन या भाषांचे मूळ एक असावे असे मांडले होते. ही मोठी आणि खरी गोष्ट होती. पण भाषांच्या या नात्याला ‘कुल’ म्हटले, मग त्यांत आई, बहीण, लेक अशी नाती आली आणि रूपक आहे हे विसरून लोक त्यात रक्त पाहू लागले. आर्य भाषा होत्या, म्हणून आर्य लोक झाले. आर्य लोक झाले, म्हणून त्यांचे नाक आणि डोके कसे होते ते शोधणे सुरू झाले. या घसरणीला मॅक्सम्यूलरच्या सुरुवातीच्या लेखनाचाही हातभार होता. त्याला ते उमगले. 1888 मध्ये त्याने स्वच्छ लिहिले की आर्य हे नाव भाषेपुरते आहे, डोक्याच्या आकाराने जसे व्याकरण ठरत नाही तसे व्याकरणाने रक्त ठरत नाही. तोपर्यंत उशीर झाला होता.

कारण त्याच सुमारास बंगालमध्ये हर्बर्ट रिस्ले नावाचा अधिकारी लोकांची नाके मोजत होता. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर : सत्तरच्या आत उत्तर आले तर नाक चिंचोळे, पंच्याऐंशीच्या वर गेले तर फेंदारलेले. 1891 मध्ये त्याने सिद्धान्त मांडला की माणसाचे सामाजिक स्थान त्याच्या नाकाच्या रुंदीच्या उलट प्रमाणात असते. नाक जितके रुंद, तितकी जात खाली. हाच रिस्ले 1901 च्या जनगणनेचा आयुक्त झाला आणि त्याने जाती सामाजिक प्रतिष्ठेच्या क्रमाने लावायला घेतल्या. त्या क्रमात वर सरकण्यासाठी देशभरातून अर्जांचा पाऊस पडला. जातिसभा निघाल्या, वंशावळी छापल्या गेल्या. मोजणाऱ्याने जी गोष्ट ‘आहे’ असे म्हटले ती त्याच्या मोजण्यामुळे अधिक घट्ट झाली. वंश ही समाजाने घडवलेली गोष्ट आहे असे समाजशास्त्रज्ञ म्हणतात, तेव्हा त्यांना हे अभिप्रेत असते. ती कल्पनेतली आहे असे त्यांना म्हणायचे नसते. शेताचा बांध, आपल्याकडची मेर, मातीच्या गुणात कुठे असते? अलीकडची आणि पलीकडची माती एकच. पण त्या मेरेवरून तीन पिढ्या कोर्टात जातात आणि प्रसंगी डोकी फुटतात.

रिस्लेच्या 1908 च्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या ग्रंथात भारतीयांचे सात प्रकार आहेत. आपल्याला, म्हणजे मराठे, कुणबी आणि महाराष्ट्रातले ब्राह्मण यांना, त्याने ‘सिथो-द्रविड’ या कप्प्यात घातले. कशावरून? पश्चिम भारतात डोकी रुंद भरली. रुंद डोकी कुठून आली असतील? मध्य आशियातल्या शकांकडून. शक दख्खनमध्ये एवढ्या संख्येने येऊन वसले याला पुरावा काय? ही रुंद डोकी. विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत असे लिहिले तर आपण तांबडी रेघ मारू. पुढची पायरी याहून मासलेवाईक आहे. मराठ्यांच्या दूरदूरच्या स्वाऱ्या, गनिमी कावा, मित्राशी आणि शत्रूशी सारखेच बेभरवशाचे वागणे, कारस्थानी बुद्धी आणि टिकाऊ राज्य उभारण्यातले अपयश हे सारे त्याने भटक्या शक पूर्वजांच्या खात्यावर टाकले. सह्याद्रीचा भूगोल नाही, मोगलांची फौज नाही, चौथाईचे अर्थकारण नाही, पुण्याच्या दरबारातले तंटे नाहीत. डोक्याची रुंदी आहे. ज्या साम्राज्याने मराठ्यांचे राज्य घेतले, त्याच साम्राज्याच्या अधिकाऱ्याने ते राज्य टिकणे रक्तातच नव्हते असे सांगावे, यात विज्ञान किती आणि सोय किती हे आपणच ठरवा.

आपण गोमंतकीयांनी हे ब्रिटिशांचे प्रकरण म्हणून बाजूला ठेवू नये. पणजीच्या आपल्या वैद्यकीय विद्यालयात, जुन्या एस्कोला मेडिकात, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मानो दा सिल्वा कोरैया हे डॉक्टर शिकवत होते. ते गोव्यातच जन्मलेले, पोर्तुगीजांच्या वंशजांपैकी. त्यांनी आपल्याच समाजाची मापे घेतली आणि इथे पिढ्यान्‌पिढ्या राहूनही हे लोक शुद्ध गोरेच राहिले आहेत, त्यांच्यात स्थानिक रक्त मिसळलेले नाही, असे सिद्ध करण्याचा प्रयत्न केला. सत्तरीचे राणे, इथले मराठे यांचीही मापे त्यांनी घेतली. लिस्बनच्या दृष्टीने हे वंशज पुरेसे पोर्तुगीज नव्हते आणि इथल्या लोकांत त्यांना मिसळायचे नव्हते. त्या कोंडीतून सुटण्यासाठी एक सुशिक्षित माणूस कॅलिपरचा आधार घेतो, हे मला रिस्लेच्या तोऱ्यापेक्षा अधिक करुण वाटते.

या सिद्धान्ताला आपल्याकडून उत्तरे काय गेली? बहुतेकांनी तो स्वीकारून उलटा किंवा सुलटा केला. जोतीराव फुले यांनी 1873 च्या ‘गुलामगिरी’त बाहेरून आलेले आर्य हे आक्रमक आणि इथले शेतकरी मूळचे धनी, अशी मांडणी केली. त्यामागची न्यायाची तळमळ निःसंशय आहे, तिने जे घडवले तेही मोठे आहे. टिळकांनी 1903 मध्ये आर्यांचे मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ नेले. दोघांची दिशा अगदी विरुद्ध, पण आर्य नावाचा एक लोकसमूह कुठून तरी आला, हा पाया दोघांनीही तपासला नाही.

तो तपासला भीमराव आंबेडकर यांनी. महूला जन्मलेला, बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेलेला हा पंचवीस वर्षांचा विद्यार्थी 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचतो. त्यात तो म्हणतो की युरोपीय अभ्यासकांनी रंगाला नको तितके महत्त्व दिले आहे. जातीचे मर्म आहे ते गटाबाहेर लग्न न करण्यात. जात वंशातून आली नाही, लग्नाच्या नियमाने माणसे वेगळी ठेवली गेली.

त्या विद्यापीठात तेव्हा फ्रान्झ बोआस होते. अमेरिकेत येणाऱ्या स्थलांतरितांची आणि त्यांच्या मुलांची मिळून जवळपास 18,000 माणसांची मापे घेऊन त्यांनी नुकतेच दाखवले होते की डोक्याचा आकार एका पिढीतही बदलतो. पूर्व युरोपातल्या ज्यूंची रुंद डोकी अमेरिकेत जन्मलेल्या मुलांत थोडी लांबट झाली, सिसिलीच्या लोकांची लांबट डोकी थोडी रुंद. जे माप वंशाची अचल खूण मानले जात होते ते देश बदलल्यावर हलत होते.

पुढे 1932 मध्ये आपल्या शेजारच्या मालवणचे गो. स. घुर्ये यांनी जात आणि वंश यांवरील इंग्रजी ग्रंथात रिस्लेच्या आकड्यांची फेरतपासणी केली. तेव्हाचा संयुक्त प्रांत आणि त्याच्या आसपासचा भाग सोडला तर नाक आणि जात यांचा मेळ बसत नाही, असे त्यांना दिसले. 1948 च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये बाबासाहेबांनी ही मापे हाती घेतली आणि विचारले : जर एकाच प्रांतातल्या ब्राह्मणाचा आणि अस्पृश्याचा निर्देशांक सारखा येतो, तर एकतर दोघेही आर्य किंवा दोघेही अनार्य. तुम्हाला कोणते हवे? अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात नाही, हे त्यांनी प्रतिपक्षाच्याच तागडीत तोलून दाखवले. नुसता निषेध करणे सोपे होते. त्यांनी कोष्टके वाचली. संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे प्रकरण मुळातून पाहावे.

आणि आता इरावतीबाई कर्वे. आपण त्यांना ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून ओळखतो, अभ्यासक्रमात लावतो. ब्रह्मदेशात 1905 मध्ये जन्मलेल्या, तिथल्या नदीचे नाव लाभलेल्या, पुण्यात वाढलेल्या आणि घुर्ये यांच्याकडे शिकलेल्या इरावतीबाई 1928 मध्ये डॉक्टरेटसाठी बर्लिनला गेल्या. संस्था होती डाहलेम उपनगरातली, मानवशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजननाची, जेमतेम वर्षभरापूर्वी स्थापन झालेली. संचालक ऑयगेन फिशर. आज नामिबिया असलेल्या प्रदेशात हेरेरो आणि नामा लोकांचा जर्मन फौजेने संहार केला, त्या काळातच, 1908 मध्ये, फिशर तिथे मिश्र संततीच्या रेहोबोथ लोकांचा अभ्यास करायला गेले होते. त्या अभ्यासाने त्यांचे नाव झाले. 1933 मध्ये नाझी आल्यावर ते बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले.

फिशर यांची धारणा होती की मेंदूच्या दोन बाजूंच्या असमानतेचा संबंध बुद्धीशी आहे आणि युरोपियांच्या कवटीत ही असमानता वेगळी दिसेल. ते तपासण्याचे काम या मराठी मुलीकडे आले. इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या. त्यांत जर्मनीच्या पूर्व आफ्रिकेतल्या वसाहतीतून आणलेल्याही होत्या. निष्कर्ष : माणसाची कवटी थोडी वाकडी असतेच, पण त्या वाकडेपणाचा वंशाशी संबंध दिसत नाही. मार्गदर्शकाच्या हाती आपले भवितव्य असताना, परक्या देशात, परक्या भाषेत, एका तरुण मुलीने असे लिहून देणे म्हणजे काय, हे डॉक्टरेटच्या वाटेने गेलेल्या इथल्या प्रत्येकाला कळेल.

मात्र यावरून त्यांची मूर्ती करण्याची घाई नको. त्यांनी कॅलिपर खाली ठेवला नाही. पुण्याला डेक्कन कॉलेजमध्ये आल्यावरही त्या महाराष्ट्रभर माणसे मोजत राहिल्या. वि. म. दांडेकर यांच्यासह केलेला त्यांचा मोजमापांचा ग्रंथ 1951 मध्ये प्रसिद्ध झाला. वंश शोधणारे साधन वंश सापडत नाही हे कळल्यावरही हातात राहते, ही त्या पिढीची अडचण होती. पण त्या मोजण्यातून त्यांच्या हाती जे लागले ते वेगळे होते. 1961 च्या हिंदू समाजावरील पुस्तकात त्या म्हणतात की कुंभार किंवा ब्राह्मण अशा एका नावाखाली येणारे गट एकाच मुळापासून फुटलेले नसतात. वेगवेगळे, आपापसांतच लग्न करणारे गट एका नावाखाली एकत्र धरले गेलेले असतात. ज्याला आपण सरसकट जात म्हणतो ते पुष्कळदा व्यवसायाचे लेबल असते. 1916 च्या त्या निबंधापासून हे फार लांब नाही.

जनुकशास्त्राबद्दल थोडक्यात. 1972 मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन यांनी रक्तगट आणि प्रथिनांच्या आधारे दाखवले की माणसामाणसांतल्या एकूण जनुकीय वैविध्यापैकी सुमारे 85 टक्के हे एकाच समूहाच्या आतले असते. वंश म्हणून जे गट पाडले जातात त्यांच्यातल्या फरकाचा वाटा सहा-सात टक्क्यांच्या आसपास. माणसे सारखी नाहीत, हे खरेच. त्वचेचा रंग विषुववृत्तापासून उत्तरेकडे जाताना उतरत जातो, पण तो उतारासारखा जातो, पायऱ्यांसारखा नाही. पायऱ्या आपण खोदतो.

हे सगळे शिकून आपण वर्गात काय करतो? ‘आर्यवंशीय भाषा’ असे आजही शिकवतो. भाषाकुल म्हणावे, आर्यभाषक म्हणावे. बोलणाऱ्याचे रक्त त्यात येत नाही. ‘मानववंशशास्त्र’ या शब्दाऐवजी ‘मानवशास्त्र’ हा शब्द उपलब्ध आहे, वापरातही आहे. अकादमीने आपल्या परिभाषेत तो घ्यावा असे मी या व्यासपीठावरून सुचवते. मराठी आमच्या रक्तात आहे, हे वाक्यही आपल्या सभांत टाळ्या घेते. महाराष्ट्राबाहेर राहून भाषा जपणाऱ्यांना ते जवळचे वाटते, हे मी समजू शकते. पण मराठी रक्तात असती तर अकादमीची, शाळांची आणि आपल्या नोकऱ्यांची गरज नव्हती. ती शिकवावी लागते आणि शिकणारा कोणत्याही घरचा असू शकतो. माझ्या वर्गातल्या चांगल्या मराठी लिहिणाऱ्यांत ज्यांच्या घरी दुसरीच भाषा बोलली जाते अशी मुले दरवर्षी असतात.

डाहलेमच्या त्या इमारतीविषयी थोडे सांगायचे राहिले. इरावतीबाई परतल्यानंतर तिथून जे घडले ते जगाला ठाऊक आहे. 1937 मध्ये ऱ्हाइनलँडमधल्या आफ्रिकी वंशाच्या सैनिकांपासून झालेल्या मुलांची सक्तीने नसबंदी करण्यात आली, त्यांच्या तपासणीत फिशर यांचा सहभाग होता. त्यांच्यानंतर संचालक झालेल्या फेर्शूअर यांना आउश्वित्झहून मेंगेले शरीराचे अवयव पाठवत असे. इमारत आज बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीकडे आहे. 2014 मध्ये तिच्या जवळ खोदकाम करताना हाडे सापडली आणि पुढच्या उत्खननांत त्यांचे हजारो तुकडे निघाले. वसाहतींतून आणलेली, छळछावण्यांतून आलेली, जुन्या थडग्यांतली, काहीही असू शकत होती. ती कोणाची हे शोधण्यासाठी पुन्हा त्यांची चाचणी घ्यायची, म्हणजे पुन्हा त्यांचे वंशवार गट पाडायचे. ज्यू, सिंती-रोमा आणि कृष्णवर्णीय जर्मनांच्या प्रतिनिधी संस्थांशी बोलून तसे न करण्याचे ठरले. मार्च 2023 मध्ये डाहलेमच्याच स्मशानभूमीत ती हाडे, गट न पाडता, एकत्र पुरण्यात आली.